सिंगापूर किती लांब हाये?

अमरावतीत विमानाच्या तिकिटांचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं, लोक तारखा विचारतील. छे! लोक अंतर विचारतात. आणि उत्तर ऐकून असं काही बोलतात, की घरी बायकोला सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही.

भातकुलीच्या एका शेतकऱ्याच्या पोराला दोन नोकऱ्या आल्या, मुंबईची आणि दुबईची. बाप विचारायला आला. म्हटलं, "मुंबईहून दुबई तीन तास."

"अन् इथून मुंबई?"

"रात्रभर. रेल्वेनं."

"मंग मुंबईच लांब हाये ना बापा! पोट्टं दुबईले जाऊ द्या."

गेलं की खरंच!

अचलपूरचे एक आजोबा निघाले होते बँकॉकला. "चार तास म्हणता, तं चहाले कुठं थांबते?"

"थांबत नाही. चालू विमानातच देतात."

आजोबा काळजीत पडले. "मंग डायवर कधी पिते?"

अकोल्याच्या एक बाई विहारातल्या मैत्रिणींना घेऊन तिकडेच निघाल्या होत्या. तिकिटावरच्या वेळा बघून म्हणाल्या, "जाताना सहा तास, येताना तीनच? असं काहून?"

मी पेपरवेट फिरवून पृथ्वी दाखवली, तिथलं घड्याळ पुढे, आपलं मागे, सगळं सांगितलं. घसा बसला! बाईंनी शांतपणे ऐकलं आणि मैत्रिणींकडे वळल्या. "भाऊ म्हणून राहिले, येताना उतार हाये."

वानखडे काकांचं मात्र वेगळं होतं. आमचे शेजारी, एसटीतले रिटायर कंडक्टर. मुलगी सिंगापूरला, पहिलं बाळंतपण, जवळ कोणी नाही. व्हिसे तिनं कधीच करून ठेवलेले. काकू एका पायावर तयार. काका मात्र रोज दुकानात बसायचे आणि तिकीट सोडून सगळं विचारायचे.

"मधात उतरता येते का?"

"खाली समुद्र आहे, काका!"

"तेच म्हणतो मी. एवढ्या लांब जानं बरं नाई."

एकदा काकू दुकानातच कडाडल्या, "पोरगी तिकडं घाबरून राहिली अन् तुमी किलोमीटर मोजून राहिले! मी एकटीच जाईन."

मला काकांचं वाईट वाटलं. माणूस हट्टी नव्हता हो, घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात असतानाच त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर मुलगी, रडवेली. "बाबा, डॉक्टरांनी आजच ॲडमिट व्हायला सांगितलं. आई येते का? किती वेळ लागन?"

काकांनी माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. मी तिकिटं शोधायला लागलो. पासपोर्ट अजून घरच्या कपाटात, बॅगा भरायच्या, रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, मग कुठे विमान!

काकांनी पिशवी काखेत मारली, उभे राहिले आणि फोनमध्ये म्हणाले, "रडू नको बाई. फाट्यावरच आहो. आलोच!"