गौरीच्या नाकावरचा चिखल

आमच्या घरच्या धाकट्या गौरीचा चेहरा मी बिघडवला. तो ओलीने बिघडला नाही, वहिनींच्या हयगयीने तर मुळीच नाही. मी माझ्या हाताने, भर दुपारी, चांगल्या उजेडात, चष्मा लावून बिघडवला. हे आधीच सांगून टाकतो. एकदा सांगायला उशीर करून पाहिला आहे, तो फार महागात पडला.

सुरुवात रणगाड्यापासून झाली. पन्नाशी जवळ आली की माणसं सकाळी चालायला जातात. मी प्लास्टिकचा रणगाडा जोडायला घेतला. खोक्यात चौकटींना चिकटलेले असंख्य तुकडे येतात. एकेक कापायचा, घासायचा, चिकटवायचा. पूर्ण झाल्यावर जेमतेम वीतभर लांबीचा होतो, पण तोवर त्याने आमचं जेवणाचं टेबल जिंकून घेतलेलं असतं. बायको दिवाणावर बसून जेवायला शिकली.

तुकडे घासायला नखांची कानस सगळ्यात चांगली, असं कुठेसं वाचलं, म्हणून उल्हासनगरच्या बाजारात बायकांच्या प्रसाधनांच्या दुकानात गेलो. दुकानदार सिंधी, बोलायला गोड.

"भाभी के लिए, साईं?"

मी पडलो प्रामाणिक. "नहीं, मिलिटरी का टँक है. उसके पहिये घिसने हैं."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग अगदी समजुतीने म्हणाला, "गुलाबी चलेगी? दूसरा कलर नहीं है."

गुलाबी कानशीने घासलेल्या त्या रणगाड्याला मी हिरवट रंग दिला. पण खरी गंमत रंग दिल्यावर सुरू होते. नवाकोरा रणगाडा खेळण्यासारखा दिसतो. तो लढाईवरून आल्यासारखा दिसायला हवा. त्यासाठी तपकिरी रंग थिनरमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा आणि ब्रशने सोडून द्यायचा. तो आपोआप फटींत आणि खिळ्यांभोवती उतरतो. वरचा कापसाने टिपला की प्रत्येक खाच उठून दिसते. तोच रंग थोडा घट्ट करून चाकांभोवतीच्या पट्ट्यांवर थापला की झाला चिखल. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी बायकोला हाक मारून मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता पुसून ठेवा."

माझा थोरला भाऊ आणि वहिनी बदलापूरला कात्रपमध्ये राहतात. गौरी त्यांच्याकडे बसतात. आई गेल्यावर तिचे शाडूचे मुखवटे थोरल्या सुनेकडे गेले, आणि वहिनींनी ते डोळ्यांत तेल घालून जपले. त्या एकदा आमच्याकडे अंबरनाथला आल्या आणि त्यांनी रणगाडा पाहिला.

"भावोजी, लोक जुनं आणून नवं करतात. तुम्ही नवं आणून जुनं करता?"

"तेच तर कसब आहे, वहिनी."

"कसब आहे खरं. यंदा गौरीपुढे मांडायला द्या की हा. खेळणी मांडतोच आपण." मग म्हणाल्या, "आणि एक काम कराल? मुखवट्यांच्या भुवया फिकट झाल्यात. एवढं बारीक करता, तेवढ्या भुवया काढून द्या. फक्त भुवया हं. बाकी हात लावू नका."

भुवया सुरेख आल्या. तिथेच घात झाला. थोरली वाळत ठेवली, धाकटी हातात घेतली आणि मला वाटू लागलं की हिचं नाक जरा सपाट दिसतंय. पापण्यांच्या कडा उठत नाहीत. ओठांची रेघ हरवलीय. तपकिरी पाण्याची बाटली समोरच होती. म्हटलं, जरासं.

जुन्या रंगाला बारीक तडे असतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. रंग तड्यातड्यांत शिरला. बघता बघता धाकटी गौर वाळवंटातून रणगाडा हाकत आल्यासारखी दिसू लागली. घाबरून कापूस थिनरमध्ये बुडवून गाल पुसला, तर गालच कापसावर आला. आता गाल पुन्हा रंगवायचा म्हणून सगळ्या बाटल्या पालथ्या घातल्या. माझ्याकडे जंगलाचे, वाळवंटाचे, बर्फाचे सगळे रंग होते. गालाचा नव्हता.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मुखवटे घेऊन कात्रपला गेलो. वहिनींनी कापड सोडलं आणि "अगं बाई" म्हणून तिथेच बसल्या.

मी म्हणालो, "रंग जुना होता, वहिनी. ओल लागली असणार. हात लावला तसा सुटायला लागला."

हे माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मलाच नवल वाटलं. वहिनींनी माझ्यावर एका शब्दाने संशय घेतला नाही. "सासूबाई मऊ धोतरात गुंडाळायच्या," त्या म्हणाल्या. "मी वर्तमानपत्रात ठेवले. माझंच चुकलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय बोललो? म्हणालो, "होतं असं." म्हणजे माझ्या चुकीबद्दल मी त्यांना माफ केलं.

पूजेच्या संध्याकाळी हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका आल्या. करंज्या आणि लाडवांच्या मधोमध माझा रणगाडा. दादाने त्याची तोफ मुद्दाम दाराकडे वळवली होती. "गौरींचा बंदोबस्त," तो येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होता.

"अय्या, चिखल किती खरा दिसतो!"

"भावोजींनी केलाय," वहिनी कौतुकाने सांगत होत्या.

मग नजर वर जायची. "ही धाकटी अशी का हो काळवंडली?"

"आपल्या रस्त्याने चालत आली असेल," एक काकू म्हणाल्या. "रिक्षावाले कुठे थांबतात!"

सगळ्या हसल्या, वहिनीही हसल्या. आणि मग प्रत्येकीला तेच सांगायच्या, "माझ्याकडून ओल लागली हो. सासूबाईंनी एवढे सांभाळले होते." मी कोपऱ्यात उभा राहून दर वेळी रणगाड्याचं कौतुक आणि गौरीचा दोष, दोन्ही ऐकत होतो. दोन्ही माझंच काम. वाटणी तेवढी चुकली होती.

तेवढ्यात वहिनी दादाला हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून गौरी अंबरनाथलाच बसू देत. माझ्या हातून सांभाळणं होत नाही. भावोजींच्या घरी नीट राहतील."

माझ्या घरी! त्या बाटलीशेजारी!

मी रणगाडा उचलला. बायका हातात वाट्या धरून बघत राहिल्या. काहींना वाटलं असावं की आता हा चालवून दाखवणार. तो मी धाकट्या गौरीच्या चेहऱ्याजवळ धरला.

"वहिनी, इकडे बघा. या पट्ट्यावरचा चिखल आणि हिच्या नाकावरचा चिखल एकाच बाटलीतला आहे. ओल नव्हती. तुमच्या वर्तमानपत्राने काही झालेलं नाही. तुम्ही फक्त भुवया सांगितल्या होत्या, मी नाकापर्यंत गेलो, मग गाल पुसला, मग खोटं बोललो. आणि वर तुम्हालाच 'होतं असं' म्हणालो. गौरी इथेच राहू द्या. आईनंतर तुमच्याकडे आल्या ते बरोबरच झालं. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा."