आंघोळ करून ये

जेलरवहिनी दार कधी पूर्ण उघडत नसत. साखळी तशीच ठेवून फटीतून आधी आपले पाय बघायच्या, मग तोंड. हे नाव मीच ठेवलेलं आणि त्यांना ते कळलेलंही होतं. जपानात, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. यजमान संशोधक, स्वभावाने गरीब. वहिनींनी आणि मी मात्र पहिल्या दिवसापासून एकमेकींना पाण्यात पाहिलं.

नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी बाईला त्या बंदराच्या गावचं जुनं इंग्रजी चर्च दाखवायला न्यायच्या. बुडत्या जहाजावरून सगळ्यांना होड्यांत उतरवून स्वतः मागे राहिलेला एक नामांकित इंग्रज कप्तान, प्रेत किनाऱ्याला लागल्यावर, तिथे आत, फरशीखाली पुरलाय. त्याच्याबद्दल वहिनींना फार आदर. जिवंत माणसांच्या वाट्याला तो येत नसे.

माझी पाळी आली तेव्हा मी इंग्रजीत ताजी एम.ए. होते आणि बाकी सगळ्यात शून्य. फरशीवर कोरलेली अक्षरं मी मोठ्याने, अगदी रेडिओवरच्या बाईसारखी वाचायला लागले. चर्चचे जपानी राखणदार टक लावून बघत होते. मला वाटलं, कौतुकाने. मागून वहिनी म्हणाल्या, "वाचून झालं असेल तर त्याच्या छातीवरून उतर."

परतीच्या ट्रेनमध्ये मी त्यांच्यापासून लांब जाऊन बसले. पण त्यांच्या घरी होळीचं जेवण ठरलं होतं आणि जिन्यापर्यंत पुरणपोळीचा वास येत होता. महिनाभर मी वरणभातावर होते. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. थडग्यावरून आलीस, आधी आंघोळ, मग पान. हातात स्वतःचा धुतलेला गाऊन.

"वहिनी, इंग्रजाचं सुतक आपल्याला कसलं? त्याला जाऊन शतक झालं."

"मेला ना? मग झालं."

मी बाणेदारपणे जिना उतरले आणि स्टेशनजवळच्या कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, भाताचा गोळा आणून खाल्ला. आत मासा निघाला. जन्माची शाकाहारी मी, बाकावर बसून बाणेदारपणे थुंकत राहिले.

पुढे दर होळीला खालच्या कुलकर्णीबाईंबरोबर निरोप यायचा, "त्या एम.ए.ला सांगा, आंघोळ करून आली तर पान वाढीन." मी उलट निरोप धाडायची, माझी सकाळीच झालीय. निशी-कसाई या आपल्या लोकांच्या वस्तीतल्या गणपतीत त्या मला प्रसादसुद्धा दुसरीच्या हातून द्यायच्या. म्हातारपणी तरी मऊ होतील म्हटलं, तर कवळी लावून जास्त स्पष्ट बोलू लागल्या. मला त्या आवडत नव्हत्या. गेल्या म्हणून आता आवडायला लागल्यात, असं काही नाही.

गेल्या थंडीत त्या इथेच गेल्या. विद्युतदाहिनीतून परतताना प्रत्येकाला मिठाची पुडी मिळाली. घरात शिरण्याआधी अंगावर चिमूटभर टाकायचं, झालं शुद्ध, अशी इथली रीत. माझ्या नातीने दारातच माझ्या खांद्यावर मीठ भुरभुरलं आणि म्हणाली, "आजी, ओवारी. संपलं."

मला ते चाललं असतं. एम.ए.ला तर नक्कीच. पण वहिनी फटीतून पाय बघताहेत असं वाटायला लागलं. नातीला दारं उघडायला लावली, कशाला हात न लावता न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

केस पुसत बाहेर आले. पोटात कावळे ओरडत होते. टेबलाशी जाऊन बसले आणि कोण वाढतंय म्हणून उगाच वाट बघत राहिले.