सोल्युशन लावलेली ट्यूब

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि ती तर माझं तोंड बघूनच सगळं ओळखते! तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका.

भूकंपानंतर लातुरात क्लासचं पेव फुटलं, तेव्हा आम्ही मुखेडची पोरं तिथं खोली करून राहिलो. तिथं मी एकच विद्या शिकलो – मार्क काढायची. माणसांची डॉक्टरकी हुकली, जनावरांच्या डॉक्टरकीला लागलो, पण ती खोड काही गेली नाही. खोड म्हणू की लबाडी? लबाडीच म्हणा.

कॉलेजात सर्जरीच्या मॅडम होत्या. जिवंत जनावराला हात लावायच्या आधी त्या आम्हाला खोट्या म्हशीवर शिकवायच्या. फळीवर फोम, त्यावर रेक्झिन – ती कातडी. खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा – ते पोट. पोट कापायचं, आतला खिळा काढायचा, कडा आत वळवून टाके घालायचे. मग मॅडम ट्यूबमध्ये हिरवं पाणी ओतून दाबायच्या. गळलं, तर उसवा, पुन्हा घाला. रागवायच्या नाहीत हो! नुसतं पुन्हा घालायला लावायच्या.

माझं दर वेळी गळायचं. बाकीच्यांच्या हातात खऱ्या म्हशी आल्या, मी अजून ट्यूबवरच. लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. मग मी काय केलं असेल? पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणलं. मॅडमची पाठ फिरली की टाके घालता घालता कडांना आतून चोपडलं. थेंबभर पाणी आलं नाही. "शाब्बास," मॅडम म्हणाल्या. मला आनंद झाला – खोटं कशाला बोलू?

पुढं जळकोटकडं दवाखाना टाकला. कोंडाबाईनं तिची म्हैस आणली, तार गिळलेली. घरात दुभतं तेवढंच. नवरा परगावी, म्हणून एक दिवस थांबली होती. मी मोठ्या दवाखान्यात पाठवू शकलो असतो. पाठवलं नाही – नाही जमत, हे कोण सांगणार? पोट उघडलं, तार काढली, टाके घातले. घालतानाच हाताला कळत होतं, हे धरणार नाही.

म्हैस गेली. शेतात मी तिला पुन्हा उघडलं, लोकांना लांब उभं करून. टाके सुटलेले. चाऱ्याचं पाणी आत सगळीकडं पसरलेलं. तार नव्हे – मी मारलं होतं तिला.

"काय झालतं ओ डाक्टर?" कोंडाबाईनं विचारलं. नवरा शेजारीच उभा.

आणि मी – मी म्हणालो, "तार काळजात घुसली होती. लई उशीर केलाव तुम्ही."

नवरा तिला चारचौघांत काय काय बोलला, ते इथं सांगत नाही. मी हात धूत राहिलो.

टाके मी नंतर शिकलो, ट्यूबवरच, एकट्यानं. त्याचं काय कौतुक?

कोंडाबाई अजून येते. बाजारात बायांना धरून धरून सांगते, "माझ्यासारखं करू नका गं, लवकर न्या." परवा शेळी घेऊन आली. शेळी मजेत रवंथ करत होती, तिला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

"एकदाच खोकली ओ," ती म्हणाली. "म्हणलं, पुन्हा उशीर नको."

मी शेळी तपासली. आणि म्हणालो, "बरं केलाव. वेळेवर आणलाव."