बंद इंजिनाचा फिरता शाफ्ट

बॅटरीच्या दोन्ही वायरी मी काढून बाजूला ठेवल्या होत्या. डिझेलचा कॉक बंद होता. आणि तरी माझ्या गुडघ्याशेजारी शाफ्ट फिरत होता. अगदी सावकाश.

शाफ्ट म्हणजे इंजिनापासून नावेखालच्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा. पारोळ्याकडच्या एका धरणावरची ही लाँच पावसाळ्यात कामाला येते, थंडीत नुसती उभी असते. तिचं इंजिन इनबोर्ड, म्हणजे नावेच्या पोटात. ते थंडीसाठी झोपवायला दरवर्षी मला धुळ्याहून बोलावतात. जुनं ऑइल काढायचं, नवं भरायचं, कूलिंगचं पाणी थेंब न ठेवता सोडायचं, नाहीतर आतून गंज धरतो. ते सगळं करून झालं होतं. गिअर न्यूट्रलला होता.

लाँच चालवणारे नाना उघड्या अंगाने कडेला उभे होते. इंजिन झोपलं की बुडी मारून पंख्याला हळदकुंकू लावायचं, ही त्यांची रीत. माझ्या ग्रीसपेक्षा तुमची हळद जास्त टिकते, असं मी त्यांना चिडवायचो. त्या दिवशी मात्र वारा नाही, पाण्यावर साधी सुरकुती नाही, आणि खाली ते लोखंड कुरकुरत होतं. सरळ सांगतो, मी घाबरलो.

नानांनी वाकून पाहिलं आणि पाण्यातल्या देवीला हात जोडले.

"माय बलाई ऱ्हायनी, मिस्तरी. माले जानंच पडी."

"नाना, कुणी का बोलावेना, कुठंही जायचं नाही."

मी त्यांचा दंड घट्ट धरला. दुसऱ्या हाताने ऑइल पुसलेला कापसाचा बोळा पाण्यात टाकला. तो क्षणभर थांबला आणि कुणी ओढून न्यावं तसा सरळ कालव्याच्या गेटकडे निघाला. भिंतीशी गोल फिरला, खाली गेला. वर आलाच नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. लाँच बांधली होती कालव्याच्या तोंडाशी. गेट उघडलेलं होतं. पाणी तळातून खेचलं जात होतं आणि जाताजाता पंखा फिरवत होतं. बुडी मारणारा माणूसही त्याच वाटेने गेला असता.

गेटच्या चौकीवर फोन लावला. गेटवाला म्हणाला, रब्बीचं पाणी सोडलंय, निरोप दिला होता. कुणाला दिला, ते त्याला आठवेना.

नानांनी शर्ट घातला. बटणं काही केल्या लागेनात. शेवटी मीच लावून दिली.

आता लाँचवर गेलो की पाना नंतर काढतो. आधी गेटवाल्याला फोन. तो "बंद शे" म्हणाला तरी पुन्हा एकदा जाऊन बघून ये म्हणतो. त्याला राग येतो. येऊ दे.