जयवंतामावशीचा वरवंटा

"ज्याले जे पाह्यजे ते न्या, पण तोंड बंद ठेवून न्या!" असं ओरडून जयवंतामावशीनं आपलं घर वाटायला काढलं, तेव्हा आमच्या धंतोलीच्या गल्लीत लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. डोकं बिलकूल ठिकाणावर होतं. गुडघे गेले होते, एवढंच. गुडघे गेले म्हणून तिची खानावळ बंद झाली, आणि खानावळ बंद झाली तशी ती एक दिवस सायकलरिक्षात बसून एकटीच वर्धा रोडकडच्या वृद्धाश्रमात गेली, खाट पाहिली, संडास पाहिला, वरणाची चव घेतली आणि स्वतःचं नाव घालून आली. त्र्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा वृद्धाश्रम म्हणताना लोक आवाज खाली करत. मावशी नळावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "मी आश्रमात चालली. कोणाले काही म्हणायचं हाय?"

कुणाला काही म्हणायचं नव्हतं. तिच्यासमोर म्हणायची छातीच नव्हती कुणाची.

मी लतिका. तिच्या मागच्या खोलीत राहायचे, शाळेत मास्तरीण होते. मला नवरा आहे, अमरावतीला, दुसरीबरोबर. लोक हळूच विचारतात त्यापेक्षा मीच सांगून टाकते, आणि पुढं या गोष्टीत त्याचा संबंधही आहे. गल्लीतल्या हळदीकुंकवाला मला बोलवायचं की नाही, हे बायांना कधी ठरवता आलं नाही. कुंकू लावते म्हणून विधवा नाही, नवऱ्यानं टाकली म्हणून सवाष्ण नाही. मग मला दारातच काहीबाही हातावर ठेवून वाटेला लावत. मला राग यायचा, अजून येतो.

मावशी काटोलकडची. नवरा रुपराव तापानं गेला तेव्हा ती विशीतली होती, मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी पितळेची भांडी ठेवून घेतली, गाय ठेवून घेतली, लुगडीसुद्धा मोजून घेतली. फक्त तिच्या आईनं दिलेला पाटा-वरवंटा कुणी उचलला नाही. कोण उचलणार तो धोंडा? मावशी तेवढाच गाडीत टाकून नागपुरात आली. इथं दवाखान्यांत खेड्यापाड्यांतून पेशंट यायचे, बरोबरचे नातेवाईक व्हरांड्यात उपाशी बसायचे. त्यांना ती डबे पोचवायला लागली. डब्यांची खानावळ झाली, आणि पुढं तर दूरदूरच्या गावातली माणसं पेशंटला भरती करायच्या आधी मावशीकडे जेवायची सोय करून यायची. चटणी, ठेचा, पाटवडीचा मसाला, सगळं त्याच पाट्यावर. "त्यांनी सोनं ठेवलं, मले गोटा देल्ला," ती म्हणायची. "अन् पाह्य, गोट्यानंच पोसलं मले."

तर ती घर वाटत होती, आणि मी मदतीला. मदत म्हणजे काय, बोलणी खाणं. "ही परात कोणाले देऊ?" असं विचारायची, मी एखादं नाव घेतलं की म्हणायची, "त्याले? त्यानं माझ्या वरणाले नाव ठेवलं होतं!" आणि परात तिसऱ्यालाच जायची. भाताचे मोठे गंज रिक्षेवाल्याच्या पोरीच्या लग्नासाठी गेले. शेवयांचा पाट समोरच्या शिंपिणीला मिळाला. पुतण्या गिरिधर आला, त्याचा डोळा पितळी बंबावर. आल्याआल्या सुरू झाला, "काकू, आमच्याकडे काहून नाही येत वं तू? लोक आम्हाले हसतील ना!"

"तुह्या घरी येऊन काय करू? तुह्या बायकोची भांडी घासू?"

"तसं नाही वं काकू..."

"तसंच हाय. मले माह्या पैशाची खाट पाह्यजे. घे, तुले हे ठेवलं हाय." आणि तिनं त्याच्या हातात केरसुणी दिली. बाप्पा! त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. बंब तिनं दवाखान्यातल्या आयांना पाठवला.

सगळं गेलं. राहिला तो पाटा-वरवंटा. आणि तिथंच खरं भांडण पेटलं.

आमच्याकडे बारशाला पाळण्यात लेकरू घालायच्या आधी वरवंटा घालतात. वरवंट्याला न्हाऊ घालायचं, कुंची चढवायची, दुपट्यात गुंडाळायचं आणि पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायांनी उभं राहून 'गोविंद घ्या' म्हणत पाळण्याखालून एकमेकींच्या हाती द्यायचा. मग त्याच वाटेनं लेकरू. पोर दगडासारखं टणक राहावं, म्हणून. गल्लीतल्या एका घरात पाठोपाठ पोरं दगावत होती, त्यांनी एकदा मावशीचा वरवंटा नेला आणि ते पोर जगलं. झालं, तेव्हापासून गल्लीतलं प्रत्येक बारसं मावशीच्या वरवंट्यावर. पुढं घरोघरी मिक्सर आले, पाटे मोरीच्या पायरीला लागले, तेव्हा तर दुसरा वरवंटा उरलाच नाही.

वरवंटा पाहिजे होता, मावशी नको होती. ती विधवा ना! तिनं वरवंटा धुवायचा, नेऊन उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आतून कुणीतरी यायचं, वरवंटा उचलून न्यायचं. "तुम्ही या मग जेवायले," असं म्हणायचं. मग पायरीवर तिला घुगऱ्यांचा द्रोण. पुष्कळदा त्या पायरीवर आम्ही दोघी शेजारीशेजारी बसून घुगऱ्या खाल्ल्या आहेत. आतून गाणी ऐकू यायची. मावशी घुगऱ्या चावत म्हणायची, "मीठ कमी हाय," आणि उठायची. त्यापलीकडं ती कधी काही बोलली नव्हती. मला वाटायचं, तिला त्याचं काही नाही.

आमच्या वरच्या माळ्यावरच्या चारुशीलाबाई आल्या. मोठं घर, बोलणं गोड. त्यांच्या सुनेला मुलगा झाला होता, रविवारी बारसं होतं. मावशीही रविवारीच निघणार होती.

"जयवंताबाई," त्या म्हणाल्या, "वरवंटा आता आमच्याकडेच ठेवून जा ना. तिथं कशाला न्यायचा? तुमची आठवण राहील गल्लीत."

मावशी सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "घेऊन जा. एकच म्हणणं हाय माहं. रविवारी पाळण्याखालून तो मी देणार. माह्या हातानं."

चारुशीलाबाईंचा चेहरा उतरला. "अहो, मला त्याचं काही वाटत नाही हो. पण व्याही यायचे आहेत, चार लोक काय म्हणतील..."

"चार लोक काय म्हणतील ते मी इतकी वर्षं पायरीवर बसून ऐकलं. गोटा माहा, धुतला म्या, अन् हात मात्र माहा नाही चालत? तुमच्या अख्ख्या गल्लीची पोरं माह्या गोट्यानं जगली, अन् माही सावली पडली की मरतात का?"

"असं अभद्र बोलू नये हो बारशाच्या तोंडावर!"

"मंग नका नेऊ."

चारुशीलाबाई निघून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. काय एकेकीचं शहाणपण! "म्हातारी अडून बसली." "जाता जाता अडवणूक करून राहिली." "इतक्या वर्षांत काही नाही, अन् आताच काहून?" शेजारच्या अंजनाबाई तर मला येऊन म्हणाल्या, "तू सांग वं तिले समजावून, तुझं ऐकते ती." मी म्हटलं, मी कशाला समजावू? मला तर तिचंच पटतं. तशा त्याही फणकाऱ्यानं गेल्या.

मी मावशीला विचारलं मात्र. "खरंच, आताच काहून मावशी?"

तिनं हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "पह्यले मले याच गल्लीत खानावळ चालवायची होती, म्हणून गुमान राह्यली. आता कोणाची भीती? लतिके, म्या आयुष्यात कोणाचं लेकरू पाळण्यात घातलं नाही वं. एकही नाही. दुखते मले ते. तुले वाटलं असन, हिले काही नाही." आणि तिनं पदरानं नाक पुसलं. मी तिचं असं बोलणं कधी ऐकलं नव्हतं.

आश्रमाचा नियम होता, एक पेटी आणि एक वळकटी. मावशीनं पेटीतून दोन लुगडी, शाल आणि देवाचा डबा काढला आणि तिथं वरवंटा बसवला. पाटा काही मावेना. तो तिनं माझ्या खोलीत सरकवायला लावला.

"जोडी फोडू नये म्हणतात," मी म्हटलं.

"म्हणू दे. पाटा तुह्याकडे, वरवंटा माह्याकडे. चटणी खायची इच्छा झाली की पाटा डोक्यावर घेऊन येत जाय."

रविवारी सकाळी रिक्षा आली. वरच्या माळ्यावर बायांची गर्दी होती. चारुशीलाबाईंनी शेवटी नारळाला कुंची घालून वेळ भागवली, असं नंतर कळलं. बारसं झालं, लेकराचं काही वाईट झालं नाही, आणि मी तर म्हणते होऊही नये. त्याचा काय दोष? मावशी रिक्षात चढली तेव्हा वरून गाणी येत होती. तिनं वर पाहिलं नाही. पेटी पायाशी घेतली, रिक्षेवाल्याला म्हणाली, "चाल गा, जड हाय पेटी, चढावर उतरून ढकल," आणि गेली. गल्लीतल्या प्रत्येकीला चार शब्द सुनावावेसे मला वाटत होते. पैकी दोघींना मी सुनावलेही.

आश्रमात व्यवस्थापक दत्तोपंत यांनी पेटी उघडून पाहिली म्हणे. "आजी, इथं स्वयंपाक आहे. दगड कशाला आणला?"

"तुमचा नियम एक पेटीचा हाय ना? पेटीत मी काय भरीन ते माहं."

दत्तोपंतांनी पेटी मिटली. नंतर ते मला म्हणाले, "तुमच्या मावशींशी बोलायचं म्हणजे आधी पाणी पिऊन यावं लागतं."

उन्हाळा लागायच्या सुमारास आश्रमाच्या चौकीदाराला, चंपतरावला, मुलगी झाली. फाटकाजवळच्या खोलीत तो राहायचा. त्याची बायको गोपिका, भंडाऱ्याकडची, माहेरून कुणी येण्यासारखं नव्हतं. मावशीनं निरोप धाडला, "बारशाले ये, पाटा आणू नको." मी गेले. खोलीच्या आढ्याला झोळी बांधली होती, तोच पाळणा. दाराबाहेर आश्रमातल्या म्हाताऱ्या गोळा झाल्या होत्या, बहुतेक विधवाच, आणि सगळ्या सवयीनं उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आपणहून.

मावशीनं वरवंटा धुऊन, कुंची घालून आणला आणि तीही उंबऱ्यापाशी थबकली. मी पाहिलं. एवढी बोलणारी बाई, पण पाय आत पडेना. तिनं बाहेरूनच विचारलं, "गोपिके, कोण देणार वं हा खालून?"

गोपिका मुलीला पाजत होती. तिनं मान वर केली. "दगड तुमचा हाय ना आजी? मंग हात बी तुमचाच. या ना आत, बाहेर काहून उभ्या सगळ्या?"

मावशी वळून बायांवर खेकसली, "ऐकलं ना? या आत! नवरे मेले ते आपले मेले, या लेकराचं काय वाकडं केलं आपण?" मग माझ्याकडे बोट केलं. "तू तिकडच्या बाजूनं."

"मावशी, मी? माझं तर..."

"काय तुहं? माह्यासंगं पायरीवर बसून घुगऱ्या खाल्ल्या ना? मंग हात पुढं कर. अन् पाडशीन तं पाह्य."

मी झोळीच्या पलीकडे बसले. मावशीनं खालून वरवंटा दिला, मी घेतला, वरून परत दिला. बाया 'गोविंद घ्या' म्हणायला लागल्या, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. मग गोपिकेनं मुलगी मावशीच्या हातांत ठेवली.

मावशीनं ती घेतली आणि तिचे दोन्ही हात एकदम वर गेले. तिनं जोर लावला होता ना, वरवंट्याचा. तिच्या हातांना तेवढंच माहीत होतं. ती त्या पोरीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "माय वं! एवढंसं हलकं असते हे?"

मी झोळीखालून हात पुढं करून बसले होते. "दे ना मावशी," मी म्हटलं.

"देते ना," ती म्हणाली. "थांब थोडं. घाई काहून करून राह्यली?"

आणि तिनं दिली नाही. सगळ्या बाया थांबल्या, मीही हात तसेच धरून थांबले.