पिस्तुलाची निगा

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या पिलाजीराव शितोळ्यांच्या घरात पुढच्या खोलीत सोफा नाही. सोफ्याच्या जागी टेबल आहे, त्यावर हिरवं कापड, वर वाकता दिवा, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. त्यांच्या बायकोनं, मंदाताईंनी, सोफ्याचा विषय कधीच सोडून दिला. "आमच्याकडे पाहुण्यांपेक्षा पिस्तुलं जास्त येतात," असं त्या शेजारणींना सांगत, आणि ते खरंच होतं.

ही पिस्तुलं नेमबाजीच्या स्पर्धेतली, हवेवर चालणारी. परदेशी बनावटीची, महागडी, आणि ज्याच्या त्याच्या हाताला बेतून घेतलेली. सिलिंडरमध्ये हवा दाबून भरायची, आणि प्रत्येक छऱ्यामागे ती अगदी तेवढीच सुटली पाहिजे. पिलाजीराव मकरपुऱ्यातल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूममध्ये होते. हवा कुठून निसटते हे त्यांना नुसतं कानानं कळे. नेमबाजीच्या क्लबातल्या एकाचं पिस्तूल त्यांनी सहज म्हणून नीट करून दिलं, आणि रिटायर होईपर्यंत बडोद्यातल्या निम्म्या नेमबाजांना त्यांच्या घराचा जिना पाठ झाला.

गिऱ्हाइकांना ते घाबरवून सोडत. मागच्या उन्हाळ्यात समरजित नावाचा एक कॉलेजातला नेमबाज आला होता.

"काका, कालपासून फुस्स होतंय."

पिलाजीरावांनी सिलिंडर फिरवून काढला, उघड्या तोंडातून करंगळी फिरवली आणि नाकाशी नेली. "कसलं तेल घातलंस?"

"थोडंसंच. शिवणाच्या मशीनचं. मम्मी म्हणाली, लोखंड आहे, तेल तर पाहिजे ने!"

"मम्मीला म्हणावं, तेल फाफड्याला ठेवा. अरे, ह्याच्या आत रबराच्या कड्या असतात. तेल लागलं की रबर फुगतं. एक वर्ष कळत नाही, दोन वर्षं कळत नाही. कळतं तेव्हा तू मॅचला उभा असतोस."

"मग हे चालतं तरी किती वर्षं?"

"माणूस मध्ये आला नाही तर वीस. सिलिंडरवर तारीख ठोकलेली असते, दहा वर्षं झाली की बदलायचा. बाहेरच्या कड्या दोन वर्षांनी. घाम पुसायचा, धूळ पुसायची आणि गप्प बसायचं. निगा म्हणजे लाड नव्हेत."

समरजितनं मान खाली घालून ऐकलं. आतून मंदाताई चहा घेऊन आल्या. "घाबरू नकोस रे," त्या म्हणाल्या, "मला तर फ्रिज पुसायचीसुद्धा परवानगी काढावी लागते."

घरातलं स्वतःचं पिस्तूल एकच होतं, रसिकाचं. खेळ सोडलेल्या एका नेमबाजाकडून ते घेतलं, तेव्हा रसिका बारावीत होती. मूठ दुसऱ्याच्या हाताची, म्हणून पिलाजीरावांनी ती काढून ठेवली. लेकीच्या पंजाचा ओल्या मातीत ठसा घेतला आणि अक्रोडाच्या लाकडात तो तीन महिने कोरत बसले. अंगठ्याखालचा उंचवटा एकदा अर्ध्या केसाएवढा जास्त कापला गेला, तर पूर्ण ठोकळा टाकून दिला. रसिका म्हणायची, मूठ धरली की बाबांनीच हात धरल्यासारखं वाटतं.

ह्या मुठीवर तिचं पुढचं सगळं उभं होतं. रेल्वेत खेळाडूंच्या जागा निघाल्या होत्या. अहमदाबादला चाचणी, साठ छरे, आणि वयाची अट पंचविसाची. रसिकाचं डिसेंबरात पंचविसावं संपणार होतं. ह्या खेपेला नाही तर कधीच नाही, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी बोलत नसे.

शितोळे मूळचे शिलेदार. पणजोबा गायकवाडांच्या घोडदळात होते, त्यांची तलवार अजून कपाटावर गुंडाळून ठेवलेली असते. खंडेनवमीला ती खाली येते. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, शेजारी घरातली सुरी, पिलाजीरावांचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. रसिकाचं पिस्तूल घरात आलं त्या वर्षी आजी, चिमणाबाई, हयात होत्या. त्यांनी पाटावर बोट ठेवून विचारलं, "नातीचं शस्त्र कुठाय?"

"आई, ते खेळातलं आहे."

"मग? तिच्या पोटाला तेच घालणार ना? आण इकडे. शस्त्राच्या तोंडाला तेल आणि हळदीकुंकू लागतं. कोरडं शस्त्र घरात ठेवत नाहीत."

पिलाजीरावांनी सिलिंडर काढून बाजूला ठेवला. तिळाच्या तेलात हळदकुंकू कालवलं होतं, त्यातलं करंगळीनं एक थेंबभर त्यांनी पिस्तुलाच्या उघड्या तोंडाला लावलं, आणि पूजा झाल्यावर पुसून काढलं. पुसलेलं दिसतं तेवढं पुसलं. मग सिलिंडर बसवला, आणि दाबाच्या हवेनं उरलेलं आत नेलं.

गिऱ्हाइकाचं पिस्तूल असतं तर त्यांनी असल्या माणसाला जिन्यावरून खाली हाकललं असतं. पण हे गिऱ्हाइकाचं नव्हतं, घरातलं होतं. पुढे आजी गेल्या, तरी थेंब चालू राहिला. सात खंडेनवम्या झाल्या. आतला रेग्युलेटर, म्हणजे हवा मोजून सोडणारा भाग, त्यांनी कधी उघडला नाही. चालतं पिस्तूल उघडायचं नाही, हाही त्यांचाच नियम.

चाचणीच्या दोन महिने आधी रसिका सरावाहून आली आणि पिशवी टेबलावर ठेवून तिथेच उभी राहिली.

"बाबा, मध्येच एखादा छरा खाली जातो. थांबून मारला की जास्तच."

त्यांनी ट्रिगरला वजन टांगून पाहिलं. बरोबर पाचशे ग्रॅम. कानाशी धरून पाहिलं. आवाज नाही. सिलिंडरवरचा काटा जागच्या जागी.

"पिस्तूल ठीक आहे. मनगट पडतंय तुझं."

"मला तसं वाटत नाही पण."

"तुला वाटायचा प्रश्नच नाही ना. ह्याला हात माझा लागलाय."

तिचे कोच धवलभाईही तेच म्हणाले. पिलाजीकाकांच्या हातचं पिस्तूल म्हटल्यावर शंका कुणावर घ्यायची? रसिकावर. तिनं मनगटाला वजन बांधून रोज चाळीस मिनिटं हात धरायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातसुद्धा ती गॅससमोर हात लांब करून उभी असे. मंदाताई म्हणायच्या, "अगं, भाजीवर नेम धरू नकोस, ती पळत नाही."

अहमदाबादला तिघंही गेले. पहिले तीस छरे चांगले पडले. नंतर शेजारच्या लेनमध्ये काही अडलं म्हणून सगळ्यांना चार मिनिटं थांबवलं. पुन्हा सुरू झाल्यावर रसिकाचा पहिला छरा सातच्या वर्तुळात गेला, खाली. तिनं पिस्तूल टेबलावर ठेवलं, मनगट हलवलं, पुन्हा उचललं. नऊ. दहा. मग आठ, पुन्हा खाली. मागे खुर्चीत बसलेल्या पिलाजीरावांनी तिच्या मनगटाकडे टक लावून पाहिलं. मनगट हललं नव्हतं. ते त्यांना दिसलं.

तीन गुणांनी जागा गेली.

दुसऱ्या दिवशी रसिका झोपून होती. पिलाजीरावांनी पुढच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा रेग्युलेटर उघडला. मंदाताई चहा ठेवायला आल्या तेव्हा ते हातात चिमटा धरून बसले होते. चिमट्यात एक रबरी कडी होती, फुगून मऊ झालेली. थोडं थांबलं की ती चिकटून बसे, आणि पुढच्या छऱ्याला हवा कमी पडे. पांढऱ्या कापडावर पिवळसर तपकिरी चिकटा उतरला होता.

"हे काय?"

मंदाताईंनी बोट लावलं, वास घेतला. हळदीचा वास बाईला सांगावा लागत नाही.

"तुम्ही लोकांना शिव्या देता ना ह्याच्याबद्दल?"

"हो."

"आणि पोरीला म्हणालात मनगट."

"हो म्हटलं ना."

"मग आता सांगा तिला."

"सांगून? वय परत येणार आहे?" त्यांचा आवाज चढला नाही. "रेल्वेला अर्ज करू? माझ्या घरच्या पूजेनं माझ्या पोरीचं पिस्तूल मारलं म्हणून? आणि ती काय म्हणेल, ते तू ऐकून घेशील? मला नाही व्हायचं."

चहा गार झाला होता, तो मंदाताईंनी परत आत नेला.

पंधरा दिवसांनी रसिकाला वाघोडियाच्या एका पॅकिंग कंपनीच्या ऑफिसात काम लागलं. बस सकाळी सव्वासातला. पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. रसिकानं भात कालवता कालवता, वर न बघता विचारलं,

"बाबा, तुम्ही आल्यावर पिस्तूल उघडून बघितलंत ना? खरं सांगा. काही होतं त्यात?"

मंदाताईंच्या हातातली आमटीची पळी रसिकाच्या ताटावरच थांबली.

"नाही," पिलाजीराव म्हणाले. "पिस्तूल ठीक होतं."

"मग मीच." रसिकानं मान हलवली. तिला जणू बरंच वाटलं. "मला वाटलंच होतं. धवल सरसुद्धा म्हणाले, प्रेशर घेतलंस. काही जणांना नाही जमत. देऊन टाका ते कुणाला तरी. इतकी निगा राखलेलं आहे, अजून पंधरा वर्षं चालेल कुणाला तरी."

"बघू."

"बघू काय, बाबा. मला नकोय घरात."

मंदाताईंनी पळी रिकामी केली. आमटी रसिकाच्या भातावर पडली, थोडी ताटाबाहेर सांडली. "आई, बस, बस ने!" रसिका हसत म्हणाली आणि बोटानं ती ताटात ओढू लागली. पिलाजीराव जेवत राहिले. रसिका उठून हात धुवायला गेली तेव्हा मंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी ताटातून मान वर केली नाही, फक्त ताक मागितलं. मंदाताईंनी ताकाचं भांडं त्यांच्यासमोर सरकवलं आणि रसिकाच्या उद्याच्या डब्याला पोळ्या करायला उठल्या.