तोंडावर कौतुक

आमच्याकडे लेकराला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही. दृष्ट लागते, पोर डोक्यावर बसतं. म्हणून आईबापच त्याला खुळं, करंटं म्हणत राहतात. मीही म्हणायचे. लाडानंच म्हणते, अशी स्वतःची समजूतही घालायचे.

माझी लेक जन्मली त्या वर्षी आमची विहीर पहिल्यांदा कोरडी पडली. सासूबाईंनी तिला तेव्हाच 'पांढऱ्या पायाची' करून टाकलं. ती नऊ वर्षांची झाली आणि पुन्हा दुष्काळ आला. दावणीला एकच गाय उरली. तिचं सकाळचं दूध लेकच किटलीतून गावच्या सहकारी डेअरीत नेऊन घालायची.

एके दिवशी गायीनं निम्मंच दूध दिलं. मी वैतागून बोलून गेले, "तू उभी राह्यलीस की असंच व्हतं बघ, करंटे." सासूबाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या सकाळी लेक गोठ्यात आलीच नाही. बाहेर लिंबाखाली थांबून म्हणाली, "तू काढ धार, आई. मी आले तर गाय आटंल."

मला राग आला, आधी स्वतःचाच. न पडलेल्या पावसाचं खापर आम्ही नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर फोडलं होतं.

तिला हाताला धरून गायीपाशी आणलं. सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू लई हुशार हायस. रोज एक थेंब न सांडता किटली नेतीस. काल मीच चुकीचं बोलले."

"तोंडावर वाखाणू नकं, दृष्ट लागंल!" सासूबाई ओसरीवरून ओरडल्या.

"लागू द्या, आत्याबाई. दृष्ट मीठमोहऱ्यांनी उतरवीन. तुमचं-माझं बोलणं कशानं उतरवू?"

मग मी रोज म्हणत राहिले. धार काढताना, भाकरी थापताना, डेअरीच्या रांगेतसुद्धा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, मी आणखी मोठ्यानं म्हणायचे. खरं सांगते, सुरुवातीला जीभ वळायची नाही. शिवी आपसूक यायची, शाबासकी मात्र आठवून काढावी लागायची.

तरी पंधरा दिवसांत गाय आटलीच. नुसत्या वाळल्या कडब्यावर ती बिचारी किती दिवस दूध देणार?

सासूबाई टपूनच बसल्या होत्या. "सांगत व्हते ना? पांढऱ्या पायाची हाय म्हणून!"

मी तोंड उघडणार तोच लेक पुढं झाली. आवाज जरा कापत होता, पण नजर खाली नव्हती.

"आजी, तुझ्या माहेरीबी गाया आटल्यात. तिथं मी कवा गेलते?"

थोरामोठ्यांना उलटून बोलली म्हणून मी तिला दटावावं, अशी घरातल्या सगळ्यांची अपेक्षा होती. सासूबाई तर माझ्याच तोंडाकडं बघत होत्या.

"बरोबर बोललीस," मी लेकीला म्हणाले.